पाचपैकी चार

काशिनाथ भोईर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. आम्ही भिवंडीतल्या कामतघरच्या ह्या चाळीत नुकतेच राहायला आलो होतो. मी नवा शर्ट घालून शाळेत निघालो होतो. समोरच्या दारातून एक उंच, वाळका माणूस बाहेर आला, त्याने माझ्या शर्टाचं टोक पकडलं, पँटीतून सरळ बाहेर ओढलं, उजेडाकडे वळवलं आणि म्हणाला, "तिसऱ्या बटनाखाली जाळा हाय. दोन धागे सुटलेत. कितीला घेतला त्ये सांगू नका, मना तरास व्हतो."

मी इंग्रजीचा शिक्षक आहे. अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. भर गॅलरीत, चार बायका नळावर उभ्या असताना, अनोळखी माणसाने आपला शर्ट उपसावा ही गोष्ट मला पचायला दोन दिवस लागले. जाळा म्हणजे विणताना धागे सुटून पडलेली झिरझिरीत जागा, हे मला त्या दिवशी संध्याकाळी बायकोने सांगितलं. तिने शर्ट खिडकीत धरून बघितला होता. जाळा होता.

काशीभाऊंनी सगळा जन्म कापड तपासण्यात घालवला. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेलं कापड काचेच्या टेबलावरून ओढायचं, काचेखाली ट्यूबलाइट, आणि डोळ्यांत तेल घालून दोष शोधायचे. चांगला माल 'फ्रेश', दोष असलेला 'सेकंड', आणि त्याखाली 'चिंधी'. तिन्ही शब्द ते माणसांनाही लावायचे. आमच्या सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनी पहिल्याच आठवड्यात फ्रेश ठरवलं. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मास्तर माल बरा हाय, पन किनार ढिली हाय." म्हणजे काय ते मी आजवर विचारलेलं नाही.

माझ्या मेहुण्याचं लग्न अंजूरला होतं. सुनंदाने हट्टाने काशीभाऊंना नेलं. मंगलाष्टकं सुरू झाली, दोघांनी नवरानवरीच्या मध्ये अंतरपाट धरला, आणि दुसऱ्या रांगेतून काशीभाऊ उठून पुढे आले. लोकांना वाटलं, कुणी मानाचा माणूस असेल, वाट करून दिली. हे जाऊन अंतरपाटाच्या अगदी जवळ उभे राहिले आणि भटजींना म्हणाले, "भटजी, जरा वर धराय सांगा. मधी त्येलाचा डाग हाय." मंगलाष्टक अर्ध्यावर थांबलं. नवरीच्या काकांनी बाह्या सरसावल्या. मी खांबामागे गेलो. काशीभाऊ मात्र शांतपणे परत येऊन बसले आणि शेजारच्याला सांगत होते, "नवरी फ्रेश हाय. कापड सेकंड."

असा हा माणूस. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, पोरबाळ झालं नाही. दोन खोल्या, एक स्टोव्ह, आणि समोरच्या दारात आम्ही. सुनंदा रोज वाटीभर भाजी देते. ते वाटी घासून परत देतात आणि वाटीला कुठे पोचा आलाय तेही सांगतात.

गेल्या वर्षी त्यांच्या लघवीच्या खेपा वाढल्या. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला आहे, आणि तिथे जाताना आमच्या दारावरून जावं लागतं. सुनंदाने खेपा मोजल्या आणि मला सांगितलं, ह्यांना डॉक्टरकडे न्या. मी म्हणालो, वयाचं असेल. ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मग नेलं. रक्त तपासलं, त्यात पीएसए नावाची एक गोष्ट वाढलेली निघाली. काशीभाऊंनी ते गॅलरीत मोठ्याने सांगितलं, आणि खालच्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर बातमी अशी झाली की काशीभाऊंचे पैसे वाढले. दोघं जण पार्टी मागायला वर आले. काशीभाऊंनी त्यांना प्रोस्टेट ग्रंथी कुठे असते हे हाताने दाखवून सांगितलं. ते चहासुद्धा न घेता गेले.

ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, सुजेनं वाढतं, जंतूंनी वाढतं, वयाने ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं. पण आत काय आहे ते बघायला हवं. आधी एमआरआय करू. त्यात संशयाची जागा दिसली तर नेमका तिथलाच तुकडा सुईने काढून तपासता येईल. उगाच आंधळेपणाने सुया टोचायला नकोत.

"म्हंजे आधी उजेडाच्या टेबलावर ठेवनार," काशीभाऊ म्हणाले, "आन् डाग दिसला तर तेवढाच कापनार."

डॉक्टर एकदम खूश झाले. म्हणाले, इतकं सोपं करून मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मग माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, रिपोर्ट आला की लगेच या, थांबू नका. संपर्कासाठी नंबर माझा लिहून घेतला, कारण काशीभाऊंचा फोन बहुतेक वेळा डब्यात बंद करून ठेवलेला असतो.

एमआरआयच्या दिवशी काशेळीच्या पुलावर कंटेनरच्या रांगेत आम्ही तासभर अडकलो. मी घाबरलो होतो. काशीभाऊ रिक्षाच्या सीटचं रेक्झिन तपासत होते. तिथे पोचल्यावर त्यांना मागून उघडा असलेला निळा झगा दिला. तो घालून ते बाहेर आले आणि बाकड्यावरच्या सगळ्या पेशंटांसमोर झग्याचा घोळ पसरून म्हणाले, "ह्ये आमच्याच भिवंडीचं. सेकंड. बघा, हितं विणीत पट्टा पडलाय." पट्टा बघायला त्यांनी पाठ फिरवली, तेव्हा एका बाईंनी डोळे मिटून घेतले.

आत न्यायच्या आधी एका मुलीने विचारलं, "आजोबा, अंगात कुठे लोखंड वगैरे आहे का?"

"हाय," काशीभाऊ म्हणाले, "पन कमी हाय. गोळ्या चालू हायत."

ती पोरगी पांढरीफटक पडली. मला मध्ये पडून सांगावं लागलं की ते रक्तातल्या लोहाबद्दल बोलतायत. पेसमेकर, सळ्या, काही नाही. दातसुद्धा त्यांचे स्वतःचे आहेत.

पाऊण तासाने ती पोरगी बाहेर आली ती चकित होऊन. म्हणाली, एवढ्या खडखडाटात लोक घाबरून बेल दाबतात, बाहेर काढा म्हणतात, आणि हे आत चक्क घोरत होते. मी काशीभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "आवाज? कसला आवाज?" मग कपडे घालता घालता सांगायला लागले की आमच्या गल्लीतले लूम बंद पडल्यापासून त्यांना नीट झोप लागली नव्हती. किती महिन्यांनी आज डोळा लागला.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला, आणि इथून पुढे जे झालं त्यात दोष संपूर्ण माझा आहे. आमच्या चाळीत इंग्रजीत काहीही आलं की ते माझ्याकडे येतं. विजेच्या मीटरचा कागद, विम्याची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर. मला त्याचा अभिमान आहे, होता. डॉक्टरांचा बसायचा वार दोन दिवसांवर होता. मी चष्मा लावला, खुर्ची गॅलरीत घेतली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सगळे जमले. काशीभाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभे.

काही शब्द मला आले नाहीत, हे मी तेव्हा कुणाला कळू दिलं नाही. एका शब्दाचा अर्थ मी खिशातल्या डिक्शनरीत बघितला, जखम असा होता. बारा मिलिमीटरची. मी म्हणालो, एवढी जखम तर मला दाढी करताना होते. आणि मग शेवटी, ठळक अक्षरात, स्कोअर. चार भागिले पाच.

अठ्ठावीस वर्षं पेपर तपासणाऱ्या माणसाला चार भागिले पाच दिसलं की काय वाटणार? मी खुर्चीवरून उठलो. "काशीभाऊ, पाचपैकी चार. ऐंशी टक्के. फर्स्ट क्लास."

"चार?" काशीभाऊंनी विचारलं.

"चार."

"लिवलंय चार?"

मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. ते बघत राहिले. मग हळूच हसले आणि म्हणाले, "बरं झालं."

मला इतका आनंद झाला होता की मी पायात चपलाही न घालता खाली गेलो, नाक्यावरून पेढ्यांचा बॉक्स आणला आणि दारोदार वाटले. काशीभाऊ पास झाले, काशीभाऊ पास झाले, असं ओरडत वाटले. काशीभाऊ दारात हात जोडून उभे होते, येणाऱ्या जाणाऱ्याचे नमस्कार घेत होते. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदाने.

डॉक्टरांकडे जायची आठवण सुनंदाने केली. मीच म्हणालो, ऐंशी टक्केवाल्याला कुणी पुन्हा परीक्षेला बसवतं का? काशीभाऊही म्हणाले, "आता जायाचं कशापायी." झालं, गेलो नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे काशीभाऊ विचित्र वागले, म्हणजे त्यांच्या मानाने विचित्र. त्यांनी माझ्या शर्टाला हात लावणं बंद केलं. मी मुद्दाम नवा चौकड्याचा शर्ट घालून दोनदा त्यांच्या दारावरून गेलो, त्यांनी नुसतं "मास्तर, शाळा काय म्हनते?" एवढंच विचारलं. इंदूवहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, पितळी हंडा त्यांनी घासून लखलखीत केला आणि सुनंदाला देऊन टाकला. एका रविवारी मला म्हणाले, अकलोलीच्या गरम कुंडात अंघोळ करायची मनात आहे, इंदूला कबूल केलं होतं ते राहून गेलं. आम्ही दोघं गेलो. ते छातीपर्यंत गरम पाण्यात बसून राहिले. मी काठावर बसून विचार करत होतो की आजारातून सुटलेला माणूस कसा मजेत राहतो बघा.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत डॉक्टरांचा फोन आला. स्वतः डॉक्टर. म्हणाले, तुमचे पेशंट आले नाहीत, एमआरआयवाल्यांकडून रिपोर्ट माझ्याकडे आलाय, तुम्ही बघितला नाही का?

"बघितला की," मी म्हणालो. "पाचपैकी चार आहेत."

"हो," डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच फोन केला."

ते मार्क नव्हते. ती संशयाची पायरी होती. एक म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता फारच कमी, पाच म्हणजे फार जास्त. चार म्हणजे बरीच जास्त. समोर सातवीचा वर्ग डबा खात होता. मी एका माणसाच्या दुखण्याचे पेढे वाटले होते. बॉक्स घेऊन, ओरडत.

उरलेले तास दुसऱ्यावर टाकून मी तडक घरी आलो. काशीभाऊ जमिनीवर बसून तांदूळ निवडत होते. मी दारातच सांगायला लागलो, ते मार्क नव्हते, माझं चुकलं, मी गाढव आहे. मला धाप लागली होती.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. खडा उचलून बाजूला ठेवला. "बसा. पानी घ्या."

"काय ठाऊक आहे?"

"मास्तर, जलमभर मी पॉइंटच दिले. कापडात डाग दिसला की पॉइंट. बारीक डागाला एक, त्याहून मोठ्याला दोन, तीन. चांगल्या मालाला कोन पॉइंट देतंय? पॉइंट म्हंजे खोट. तुमी चार म्हनालात तवाच मना कळलं."

ते पुढे म्हणाले, "आन् चारच्या वर पॉइंटच न्हाय. एक्स्पोर्टच्या मालाला चार ह्ये शेवटचं. मंग काय उरलं? डॉक्टरला कशाला तरास? म्हनून इंदूचा हंडा देऊन टाकला."

म्हणजे बघा. मी त्यांना फर्स्ट क्लासमध्ये पास केलं होतं आणि त्यांनी स्वतःला पार चिंधी ठरवून टाकलं होतं. तीन आठवडे हा माणूस माझ्यासमोर, बारा फुटांवर, मरायची तयारी करत होता आणि मी त्याला ऐंशी टक्के म्हणून हाका मारत होतो. मला त्यांचा भयंकर राग आला. मी ओरडलो, "काशीभाऊ, पाचपैकी चार. पाचपैकी. इथे पाचवा पॉइंट आहे. तुमच्या टेबलावरचा हिशेब इथे लागत नाही. आणि संशय म्हणजे निकाल नव्हे."

"पाच असतंय?" त्यांनी विचारलं. खरोखरच आश्चर्याने विचारलं. तांदळाचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. सुनंदा माझा आवाज ऐकून आली होती, ती दारात उभी राहून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही तिघं रिक्षात होतो.

डॉक्टरांनी मला फार काही बोलून दाखवलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. सुईने तुकडे काढून झाले, हाडांचा स्कॅनही झाला. पुढचे दहा दिवस मी शाळेत काय शिकवलं मला आठवत नाही. रोज घरी आलो की आधी समोरच्या दारात डोकवायचो. काशीभाऊ म्हणायचे, "हाय, हाय. जित्ता हाय."

निकालाच्या दिवशी मी कागदाला हात लावला नाही. डॉक्टरांनाच वाचायला लावलं, आणि मराठीत. कॅन्सर निघाला. सुनंदाने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. पण तो ग्रंथीच्या आतच होता, बाहेर पसरलेला नव्हता, हाडांचा स्कॅन स्वच्छ होता. किरणांचे उपचार घ्यायचे, गोळ्या-इंजेक्शनं घ्यायची, नियमित यायचं. बरं व्हायची आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवड्यांनी फार बिघडलं नाही, पण तीन महिने गेले असते तर मी असं बोललो नसतो, हेही म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

काशीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे डॉक्टर, सेकंड म्हना की. चिंधी न्हाय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. सुनंदाने पदर तोंडावर धरून हसून घेतलं, आणि मग पुन्हा रडली.

येताना सुनंदा कामतघरच्या आधीच्या नाक्यावर भाजी घ्यायला उतरली. रिक्षात आम्ही दोघंच होतो. इतके दिवस मनात खदखदत होतं ते मी विचारलंच. "काशीभाऊ, तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. मग मला अडवलं का नाहीत? मी गावभर पेढे वाटतोय, तुमच्या नावाने ओरडतोय, आणि तुम्ही हात जोडून दारात उभे. एक शब्द बोलला असता तर मी थांबलो असतो. एवढं कोण सहन करतं?"

ते रिक्षाच्या सीटचं उसवलेलं रेक्झिन बोटाने दाबत होते.

"मास्तर," मग ते म्हणाले, "मी जलमलो तवा माझ्याआधी चार पोरं व्हती घरात, कोन पेढे वाटनार? साळंत पास झालो न्हाय. आमाला पोर झालं न्हाय. माझ्या नावाचा पेढा मी कवा बघितलाच नव्हता. तुमी अनवानी पळत गेलात, बाक्स घिऊन आलात, काशीभाऊ काशीभाऊ करत फिरला. म्हटलं, चुकून का व्हईना, वाटू दे मास्तरला. तेवढा वेळ तरी बघून घेऊ."

मी त्यांचा हात धरला. माझा हात त्यांनी काढला नाही.

रिक्षा कामतघरच्या वळणाला आली तेव्हा ते पुन्हा म्हणाले, अगदी सहज, "आन् दोन घरं ऱ्हायली व्हती. संडासाकडची शेवटची दोन. तिथवर तुमी ग्येलाच न्हाय."